ऑफिसात नवे आहात? कॉम्प्युटर, यूपीएस आणि प्रिंटर असा सांभाळा

एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट असतं, टॅली येत असतं, एक्सेलवर हात बसलेला असतो. तरी नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कंपनीत, शरणपूर रोडवरच्या सीएच्या ऑफिसात किंवा लासलगावच्या व्यापाऱ्याच्या गाळ्यात पहिल्या आठवड्यात माणूस अडतो तो भलत्याच ठिकाणी. यूपीएस मधूनच का ओरडतो? कॅबिनेटला हात लागला की मुंग्या का येतात? प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढायचा की नाही? क्लासमध्ये यातलं काही शिकवत नाहीत. ऑफिसातल्या जुन्या लोकांच्या हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की नव्याला सांगायला हवं, हेच त्यांच्या लक्षात येत नाही.

ऑफिसातली मशिनं आपणहून फारशी बिघडत नाहीत. त्यांना बिघडवते बाहेरची वीज, धूळ, पाणी आणि आपली घाई. म्हणून नव्या माणसानं दुरुस्ती शिकायची गरज नाही. रोजची निगा आपली, झाकण उघडून करायचं काम टेक्निशियनचं, आणि शंका आली की हात मागे घेऊन लगेच सांगायचं, एवढी रेघ पक्की ठेवली तरी पुष्कळ झालं.

पहिल्या दिवशी, चालू करण्याआधी

जागेवर बसलात की लगेच पॉवरचं बटण दाबू नका. आधी टेबलाखाली वाका. सीपीयूचा डबा फरशीवर आहे की स्टँडवर? त्याच्या मागची जाळी भिंतीला चिकटली आहे का? वायरी पायात येतात का? एखादी वायर खुर्चीच्या चाकाखाली चिरडून तिचं वरचं आवरण फाटलं आहे का? फाटलेल्या वायरीवर इन्सुलेशन टेप गुंडाळून भागवू नका, ती बदलून मागा.

मशीन तुमच्या नावावर देणार असतील तर रजिस्टरमध्ये सही करण्याआधी मॉडेल आणि सीरियल नंबर जुळवून घ्या. स्क्रीनवर ओरखडा असेल, लॅपटॉपचं बिजागर सैल असेल, चार्जर दुसऱ्याच कंपनीचा असेल, तर तसं लिहून घ्या आणि मोबाईलवर फोटो काढून साहेबांना पाठवून ठेवा. यात कुणावर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही. दोन वर्षांनी नोकरी सोडताना हाच फोटो कामाला येतो.

आणखी दोन गोष्टी पहिल्याच दिवशी विचारून ठेवा: ऑफिसचा मेन स्विच कुठे आहे, आणि आग विझवायचा सिलिंडर कुठे टांगला आहे. सिलिंडरवरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का आणि रिफिलची तारीख उलटून तर गेली नाही ना, तेही बघा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटा नसतो, त्याची फक्त तारीख बघायची.

वीज: सगळ्यात जास्त लक्ष इथे

आपल्याकडे सॉकेटमध्ये २३० व्होल्ट येतात. कॉम्प्युटर ज्या छोट्या सॉकेटला लावतात ते ६ अँपिअरचं असतं, म्हणजे त्याची कमाल झेप साधारण १,३८० वॉट. कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून १०० ते १५० वॉट खातात, त्यांचा त्रास नाही. त्रास होतो तो डिसेंबरात, जेव्हा नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो आणि कुणीतरी त्याच एक्स्टेंशन बोर्डवर चहाची इलेक्ट्रिक किटली किंवा हीटर लावतं. किटलीच १,५०० वॉटची असते. बोर्ड लगेच पेटत नाही. आतली पट्टी हळूहळू तापत राहते, प्लास्टिक पिवळं पडतं, मग काळं, आणि एके दिवशी जळका वास येतो. किटली, हीटर, इस्त्री ही सगळी भिंतीवरच्या मोठ्या, १६ अँपिअरच्या सॉकेटला. कॉम्प्युटरच्या बोर्डला फक्त कॉम्प्युटर आणि मॉनिटर लावायचे असं समजा. एका एक्स्टेंशनमध्ये दुसरं एक्स्टेंशन अडकवायचं नाही, आणि सॉकेटमध्ये नुसत्या वायरी काडीनं खोचणं तर अजिबात नाही.

आता मुंग्यांबद्दल. सीपीयूच्या पत्र्याला किंवा लॅपटॉपच्या धातूच्या कडेला बोट लागलं की झिणझिण्या येतात, आणि बहुतेक ऑफिसांत त्यावर 'थोडा करंट येतो, चप्पल घाल' असा उपाय असतो. हा उपाय नव्हे. पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमधून अगदी थोडा करंट कायम पत्र्यावर येत असतो. अर्थिंग नीट असेल तर तो निमूट जमिनीत जातो, नसेल तर तुमच्या बोटातून वाट काढतो. म्हणजे मुंग्या येणं हा बहुधा अर्थिंग तुटल्याचा निरोप आहे. आज नुसत्या मुंग्या असतील, पण उद्या आत खरंच शॉर्ट झालं तर तोच पत्रा पूर्ण झटका देईल.

कारणं बहुधा दोन. कुणीतरी थ्री-पिनची जाड, वरची पिन कापलेली असते किंवा टू-पिनचं कन्व्हर्टर लावलेलं असतं. हे तुम्हाला डोळ्यांनी दिसतं. दुसरं कारण जमिनीखाली असतं. नाशिकची जमीन म्हणजे बऱ्याच ठिकाणी वीतभर मातीखाली काळा पाषाण. अर्थिंगचा खड्डा जेमतेम खोदलेला असतो, आणि एप्रिल-मेमध्ये तो कोरडा ठणठणीत पडला की अर्थिंग कमजोर होतं. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालायची पद्धत उगाच नाही. तुम्ही स्वतः काही करायचं नाही. कोणत्या टेबलावर, कोणत्या मशीनला मुंग्या येतात ते लिहून इलेक्ट्रिशियनला बोलवायला सांगा. ऑफिसच्या बोर्डात आरसीसीबी आहे का, हेही विचारा. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी गळणारा करंट ओळखून क्षणात वीज तोडतो. एमसीबी ते काम करत नाही, ती फक्त जादा लोड आणि शॉर्टसर्किटवर पडते.

एमसीबी पडली तर? शेवटी काय लावलं होतं ते आठवा, त्याचा प्लग काढा, आणि एकदाच वर करा. पुन्हा पडली तर तिला चिकटपट्टीनं धरून ठेवणारे महाभाग असतात. तुम्ही त्यांच्यात जाऊ नका.

एक प्रसंग असा आहे की ज्यात विचारायला वेळ नसतो. दिवे अचानक भगभगीत होतात, पंखा सुसाट सुटतो, यूपीएस कचकच आवाज करतो. थ्री-फेज जोडणीत न्यूट्रल सुटल्याची ही खूण असते. अशा वेळी सॉकेटमध्ये २३०च्या जागी ३००-३५० व्होल्टही येऊ शकतात. सेव्ह करायच्या भानगडीत न पडता मेन बंद करा. पाच मिनिटांचं काम गेलं तर पुन्हा टाइप करता येतं. मेन बंद झाल्यावर महावितरणला १९१२ वर फोन, आणि आतली जोडणी बघायला इलेक्ट्रिशियन.

एखाद्याला झटका बसून तो चिकटला तर त्याला धरून ओढू नका. आधी मेन बंद करा. ते लगेच जमत नसेल तर कोरडी लाकडी काठी किंवा प्लास्टिकच्या खुर्चीनं त्याला वायरीपासून दूर ढकला, आणि १०८ ला फोन करा. बाहेरून बरा दिसला तरी डॉक्टरला दाखवायचंच.

लाइट गेली की

ऑफिसात कॉम्प्युटरच्या शेजारी असतो तो छोटा यूपीएस सहसा ६०० व्हीएचा, म्हणजे साधारण ३६० वॉटचा. आतली बॅटरी नवी असेल तर एक कॉम्प्युटर दहा-पंधरा मिनिटं तरतो. दोन-तीन वर्षांनी तीच बॅटरी दोन मिनिटांतही मान टाकते. यूपीएस आहे तो काम चालू ठेवायला, असा समज काढून टाका. तो आहे नीट बंद करायला वेळ मिळावा म्हणून.

१. पहिली 'टीं' ऐकू आली की कंट्रोल आणि एस. बाकी सगळं नंतर.
२. टॅलीची एन्ट्री अर्धी असेल तर पूर्ण करून स्वीकारा किंवा सोडून द्या, आणि टॅलीतली कंपनी बंद करा. अर्ध्या एन्ट्रीवर लाइट गेली की डेटा खराब होण्याची भीती असते.
३. दोन-तीन मिनिटांत लाइट आली नाही तर शट डाउन करा. आवाज भराभर यायला लागला म्हणजे बॅटरी संपत आली. तेव्हा थांबूच नका.
४. मशीन बंद झालं की यूपीएसचंही बटण बंद करा. नाहीतर तो रिकामा होईपर्यंत ओरडत बसतो, आणि वारंवार तळाला गेलेली बॅटरी लवकर मरते.
५. लाइट आल्यावर चार-पाच मिनिटं थांबा. सगळ्या गल्लीतले एसी, मोटारी एकदम चालू होतात, तेव्हा व्होल्टेज वरखाली होतं.

लेझर प्रिंटर यूपीएसला कधीही जोडू नका. छापताना त्याच्या आतला रोलर सुमारे २०० अंशांपर्यंत तापवावा लागतो आणि तापवताना तो एकदम हजार वॉटच्या आसपास खेचतो. प्रिंट दिली की यूपीएस ट्रिप होऊन कॉम्प्युटर बंद पडतो, याचं कारण बहुधा हेच. प्रिंटर थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावा. यूपीएसवर फक्त सीपीयू, मॉनिटर आणि इंटरनेटचा राउटर.

यूपीएस फुगलेला दिसला, आंबूस वास आला किंवा हात लावल्यावर चटका बसण्याइतका गरम लागला तर बंद करा, प्लग काढा, सांगा. उघडू नका, प्लग काढलेला असला तरी आत बॅटरी जिवंत असते.

वळवाचा पाऊस सुरू झाला की, म्हणजे मे अखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, विजा पडतात. नुसतं बटण बंद करून भागत नाही, गडगडाट जवळ येण्याआधीच प्लग बाहेर काढावा लागतो. राउटरचा अडॅप्टर आणि लॅनची वायरसुद्धा काढा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण राउटरच्या अडॅप्टरमधून येते आणि लॅनच्या तांब्यातून सगळ्या मशिनांपर्यंत पोचते. संध्याकाळी घरी जाताना आभाळ भरून आलेलं दिसलं तर हे करूनच निघा.

धूळ कसली आहे ते बघा

घरातली धूळ आणि ऑफिसातली धूळ सारखी नसते. अंबड-सातपूरला शॉप फ्लोअरवर, म्हणजे जिथे माल बनतो तिथे, सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनजवळ कॉम्प्युटर असेल तर हवेत कूलंटचं तेलकट धुकं आणि ग्राइंडिंगचा बारीक लोखंडी कीस असतो. तेलामुळे धूळ पंख्याला चिकटून थर बसतो, आणि लोखंडी कीस वीज वाहून नेतो, त्यामुळे मदरबोर्डवर पडला तर थेट शॉर्ट. अशा जागी कॉम्प्युटरच्या डब्याला फिल्टरची जाळी हवी, आणि तो ग्राइंडरच्या तोंडासमोर नको. कांद्याच्या गाळ्यात वेगळीच गंमत: वाळलेली पात आणि टरफलं हवेवर तरंगत येतात आणि सीपीयूच्या मागच्या जाळीवर चपखल बसतात. महिन्यातून एकदा नुसती हातानं काढली तरी मशीन थंड राहतं. शहरात २०२७च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची खोदकामं निघतात, त्याची धूळ रस्त्याकडेच्या ऑफिसात येते ती वेगळी. खिडकी दुपारी बंद ठेवा, याहून मोठा उपाय नाही.

द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये काम करणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. प्री-कूलिंगच्या खोलीत लॅपटॉप, स्कॅनर किंवा वजनकाट्याचा टॅब नेला आणि थंडगार होऊन बाहेर आणला की त्याच्यावर दव धरतं. बाहेरून दिसतं तसंच आतही धरतं. बंद करून अर्धा-एक तास बाजूला ठेवा, पुसून कोरडा झाल्यावरच चालू करा आणि चार्जिंगलाही तेव्हाच लावा.

पाण्याचं म्हणाल तर रोजचा धोका म्हणजे ओल्या पोछ्याचा. सफाईच्या मावशी सकाळी फरशी पुसतात, बादली टेबलाला टेकते आणि खाली ठेवलेला एक्स्टेंशन बोर्ड भिजतो. यात मावशींचा दोष काय? बोर्ड फरशीवर ठेवणाऱ्याचा दोष. बोर्ड टेबलाच्या आतल्या बाजूला स्क्रूनं बसवून घ्या, सीपीयू स्टँडवर घ्या, आणि मावशींना सांगा की ओल्या हातानं बटणांना हात लावू नका. सराफ बाजार, भांडी बाजार किंवा गोदाकाठच्या जुन्या गल्ल्यांत तळमजल्याला ऑफिस असेल तर प्रश्न स्टँडनं सुटत नाही. गंगापूर धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली आणि गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी चढत चाललं की तिथले लोक सामान वर हलवायला लागतात. २०१६ आणि २०१९च्या ऑगस्टात हे सगळ्यांनी पाहिलं आहे. त्या यादीत कॉम्प्युटर, यूपीएस आणि बॅकअपची हार्ड डिस्क सगळ्यात वर हवी. भिजलेलं मशीन पाणी ओसरल्यावर 'चालतंय का' म्हणून लावून बघू नका.

पुसायचं कसं

आठवड्यातून एकदा, शनिवारी निघताना, पंधरा मिनिटं पुरतात. मशीन शट डाउन करा, प्लग काढा. कोरड्या मायक्रोफायबर कापडानं आधी स्क्रीन, वरून खाली, न दाबता. डाग गेला नाही तर कापडाचं टोक किंचित ओलं करा. स्प्रे स्क्रीनवर थेट मारायचा नाही. थेंब खाली ओघळून कडेच्या फटीतून आत जातो. काच पुसायच्या लिक्विडमध्ये अमोनिया असू शकतो, त्यानं स्क्रीनवरचा थर खराब होतो, म्हणून ते खिडक्यांसाठीच राहू द्या. कीबोर्ड उलटा करून हलकेच झटका. नाशिकच्या ऑफिसात त्यातून चिवड्यातले शेंगदाणे, पोहे पडले नाहीत तर नवल. कळा आणि माउस पुसायला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन चालतं.

सीपीयूचं झाकण उघडून ब्लोअर मारणं हे टेक्निशियनचं काम. तुमच्यासमोर मारत असतील तर एवढं बघा की आतला पंखा बोटानं किंवा काडीनं धरलेला आहे. हवेच्या झोतानं तो गरगर फिरू दिला तर बेअरिंग जातं.

खंडेनवमीला ऑफिसात मशिनांची पूजा होते, ती व्हायलाच हवी. फक्त प्लग काढून. हळदीकुंकू डब्याच्या बाजूच्या पत्र्यावर लावा, स्क्रीनवर किंवा पॉवरच्या बटणावर नको. पळीनं पाणी सोडायचं ते ताम्हनात. अक्षता कीबोर्डवर टाकू नका, तांदळाचा दाणा कळीखाली गेला की ती कळ बसते. झेंडूची माळ मागच्या जाळीवर येता कामा नये, आणि दुसऱ्या दिवशी चालू करण्याआधी ती काढायचीच.

प्रिंटर, सगळ्यांचा शत्रू

कागद अडकतो तेव्हा मागे रांग लागलेली असते आणि कुणीतरी म्हणतं, 'ओढ ना जोरात.' ओढू नका.

१. प्रिंटरचं बटण बंद करा, प्लग काढा. लेझर असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबा. आतला फ्यूजर, म्हणजे तापणारा रोलर, भाजण्याइतका गरम असतो.
२. ट्रे बाहेर काढा, मागचं आणि पुढचं झाकण उघडा. टोनर काढलात तर त्यावर कागद किंवा कापड झाका, कारण त्याच्यातल्या ड्रमला उजेड सोसत नाही.
३. कागद दोन्ही हातांनी, दोन्ही कडा धरून, तो ज्या दिशेनं चालला होता त्याच दिशेनं सावकाश काढा.
४. काढलेले तुकडे जुळवून पाहा. एक कोपरा जरी आत राहिला तरी पुढच्या कागदाला पुन्हा अडकतो.
५. आत सुरी, पट्टी, पेन घालायचं नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये जाम वाढतात ते कागदामुळे. कागद हवेतली ओल पितो, वाकतो, दोन-दोन चिकटून जातात. रिम उघडली की लागेल तेवढाच कागद ट्रेमध्ये घाला, उरलेला त्याच वेष्टनात गुंडाळून कपाटात. घालण्याआधी गठ्ठा फरफर सोडवून घ्या. पाठकोरा कागद वापरायची बचतीची सवय चांगली, पण त्याला टाचणी-स्टेपल राहिलेलं नसावं. अर्धे स्टिकर काढलेला लेबलचा कागद परत घालायचा नाही. उरलेलं लेबल गरम रोलरवर सुटून चिकटतं आणि तो खर्च लेबलच्या पाकिटापेक्षा खूपच मोठा असतो.

टोनरची काळी पूड सांडली तर फुंकर मारू नका आणि साधा व्हॅक्यूम क्लीनरही लावू नका. पूड इतकी बारीक असते की त्याच्या पिशवीतून पुन्हा हवेत येते. ओलसर कापडानं टिपा. हाताला, कपड्याला लागली तर थंड पाणी वापरा, गरम पाण्यानं ती वितळून पक्की बसते. इंक टँक प्रिंटर असेल तर आठवड्यातून एक रंगीत पान छापत जा, नाहीतर शाई नोझलमध्ये सुकते. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात अजून डॉट मॅट्रिक्स असतो. त्याचं हेड छापून झाल्या झाल्या तापलेलं असतं, रिबन बदलताना बोट सांभाळा.

चहा सांडला तर

कीबोर्डवर सांडला असेल तर वायर काढा, उलटा धरा, पुसा, दिवसभर उलटाच वाळू द्या. नाही चालला तर नवा मागा, त्यात फार मोठं नुकसान नाही.

लॅपटॉपवर सांडला तर पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा, चार्जर काढा, झाकण उघडं ठेवून उलटा, तंबूसारखा टेबलावर ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवण्यानं काही फायदा होत नाही, हेअर ड्रायरनं पाणी आणखी आत जातं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चालू करून बघायचा मोह आवरा. बहुतेक लॅपटॉप चहानं मरत नाहीत, ओले असताना चालू केल्यामुळे मरतात. टेक्निशियनला खरं सांगा की चहा होता, दूध-साखरेचा. साखर आत सुकली की बोर्डाला गंज धरतो, म्हणून त्याला नुसतं वाळवून भागत नाही, बोर्ड धुवावा लागतो. 'आपोआप बंद पडला' असं सांगितलंत तर तो चुकीच्या जागी शोधत बसेल, आणि झाकण उघडल्यावर त्याला डाग दिसणारच आहे.

मान, डोळे, पाठ

स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर, खिडकी बाजूला. कोपर साधारण काटकोनात, पाय फरशीला टेकलेले. खुर्ची खाली होत नसेल तर पायाखाली पाटासारखं काही घ्या. लॅपटॉपवर दिवसभर काम असेल तर वेगळा कीबोर्ड मागून घ्या आणि लॅपटॉप उंचावर ठेवा. वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर बघायचं, हा डोळ्यांचा नियम सोपा आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीकडे बघितलं तरी चालतं.

लॅपटॉप घरी नेताना

झाकण मिटलं म्हणजे बंद झाला असं नाही. बॅगेत तो जागा झाला तर हवा न मिळता तापतो. द्वारका चौक ते अंबड गाडीवर जाणार असाल तर पूर्ण शट डाउन करूनच बॅगेत घाला. बॅगेला रेनकव्हर असलं तरी आत एक प्लास्टिकची पिशवी असू द्या. उन्हाळ्यात स्कूटरच्या डिकीत किंवा उन्हातल्या कारमध्ये ठेवू नका, लिथियम बॅटरीला उष्णता मानवत नाही. टचपॅड वर आलेलं वाटलं, झाकण नीट बसेना, खालचा भाग फुगला, तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग थांबवा, दाबू नका, टोचू नका, आणि त्याच दिवशी कळवा.

पासवर्ड आणि पेन ड्राइव्ह, थोडक्यात

जागेवरून उठताना विंडोज आणि एल दाबा, म्हणजे स्क्रीन लॉक होते. पासवर्ड मॉनिटरला चिकटवू नका. साहेबांच्या डिजिटल सिग्नेचरचं टोकन (पेन ड्राइव्हसारखं दिसतं ते) काम झालं की काढून त्यांच्या हातात द्या, आणि त्याचा पासवर्ड अंदाजानं टाकत बसू नका. ठराविक वेळा चुकला की टोकन लॉक होतं. झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेन ड्राइव्ह आधी अँटीव्हायरसनं तपासा. 'आज रात्री वीज तोडली जाईल' किंवा लग्नपत्रिकेच्या नावानं येणारी एपीके (मोबाईलमध्ये ॲप बसवणारी) फाइल मोबाईलवरही उघडू नका. फोनवरचा अनोळखी माणूस एनीडेस्क (दुरून आपलं मशीन चालवू देणारं ॲप) टाकायला सांगू लागला की फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा, इथे प्रत्येक मिनिटाला किंमत असते. मशीनवर अजून विंडोज १० असेल तर तेही सांगा. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला आहे.

बॅकअप त्याच मशीनच्या डी ड्राइव्हवर घेणं म्हणजे न घेणं. एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, ती डिस्क नंतर काढून ठेवा, आणि एक प्रत ऑफिसच्या बाहेर असू द्या. महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल उघडून बघा.

इंटरनेट गेलं तर राउटरवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा बघा. तो लागला असेल तर बहुधा बाहेर फायबर तुटली आहे, आत काही करून फारसा उपयोग नाही. मागच्या बारीक भोकात टाचणी घालून रिसेट करू नका, सगळ्या सेटिंग पुसल्या जातात.

धूर आला तर, आणि बिघाड कळवताना

धूर दिसला की मेन बंद. पाणी टाकायचं नाही. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असेल तर तो आधी वापरा, कारण पावडरनं आग विझते पण शेजारची मशिनंही खराब होतात. पिन काढा, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा. त्याच्या काळ्या कर्ण्याला हात लावू नका, तो बर्फासारखा गार होतो. खोली लहान आणि बंद असेल तर मारून लगेच बाहेर पडा. आग कागदांच्या ढिगापर्यंत पोचली असेल तर सिलिंडरचा नाद सोडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२.

साध्या बिघाडासाठी टेक्निशियनला फोन करताना 'कॉम्प्युटर चालत नाही' एवढ्यावर थांबू नका. दिवा लागतो का, पंख्याचा आवाज येतो का, स्क्रीनवर काय लिहून आलं (फोटो पाठवा), शेवटी काय केलं होतं आणि काल चालू होता का, हे सांगितलं तर निम्म्या वेळा काम फोनवरच होतं. कुणी 'तेवढं झाकण उघडून बघ' म्हणालं, आणि मशीन वॉरंटीत असेल, तर आधी साहेबांना विचारा.

जुनी बॅटरी, बंद पडलेला मॉनिटर, रिकामे टोनर हे सगळं जिन्याखाली साचतं आणि दिवाळीच्या सफाईत भंगारवाल्याकडे जातं. ते तसं देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत मॉनिटर, टोनर असं सामान नोंदणीकृत रिसायकलरकडे जाणं अपेक्षित आहे. यूपीएसची बॅटरी तर नवी घेताना दुकानदार परत घेतो आणि तिच्या शिशाचे पैसेही वळते करतो. कॉम्प्युटर देताना मात्र हार्ड डिस्क काढून घ्या किंवा टेक्निशियनकडून पुसून घ्या. फाइल डिलीट करून रिसायकल बिन रिकामी केली तरी डेटा डिस्कवर राहतो, आणि त्यात पगारपत्रकं असतात, आधारच्या प्रती असतात, पार्ट्यांचे खातेउतारे असतात.